बिल्ला कुठल्या खिडकीवर मिळतो?

“मॅडम, मी एसटीत कंडक्टर. बिल्ला नसेल तर मला एक तिकीट देता येत नाही. हिच्या लाइनीत बिल्ला कोण देतं, तेवढं सांगा. बाकी स्कोप-बिप तिचं ती बघेल.”

२०२५ चा जून. बारावी सायन्सचा निकाल लागून महिना झाला होता. सायली (नाव बदललंय, आणि दोघांना विचारूनच लिहितेय) वडिलांशेजारी मांडीवर फाइल घेऊन बसली होती. मानसशास्त्र घ्यायचं तिचं अकरावीतच ठरलेलं. मामा म्हणाला होता, “एवढं सायन्स करून आर्ट्सला?” आत्याने तर “वेड्यांची डॉक्टर होणार म्हणे” असं गावभर केलं होतं. डॉक्टर नाही, औषधं लिहिणारा तो सायकिअ‍ॅट्रिस्ट, तो एमबीबीएस करून येतो, हे मी आधी सांगून टाकलं. वडिलांचा प्रश्न मात्र तसाच समोर होता.

बावीस वर्षं मी करिअर समुपदेशनाचं हे काम करतेय. पालक स्कोप विचारतात, फी विचारतात, हॉस्टेल विचारतात. नोंदणीचं विचारणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. आणि पोरं अडतात ती नेमकी तिथेच, एमए झाल्यावर.

मी कागद उलटा करून दोन चौकोन काढले. पहिली खिडकी भारतीय पुनर्वास परिषदेची, जिला सगळे आरसीआय म्हणतात. १९९२ च्या कायद्याने झालेली. वाचा-श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्याबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजार तपासून औषधांशिवाय उपचार करणाऱ्याची, नोंदही तिथेच होते. ही परिषद आरोग्य खात्याकडे नाही, सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे. हे ऐकून भलेभले चक्रावतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं हे ठरवताना तोही आरसीआयच्या मान्यतेकडेच बोट दाखवतो. नोंद नसताना हे काम केलं तर १९९२ च्या कायद्यात वर्षभरापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

“हजार?” कंडक्टरसाहेब हसले. “आमच्यात तिकिटाच्या दहा रुपयांचा घोळ झाला तर चौकशी लागते.”

मलाही तो आकडा हास्यास्पदच वाटतो. सहा महिन्यांचा कोर्स करून दारावर ‘सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावणारे गल्लोगल्ली दिसतात, ते काही उगीच नाही.

दुसरी खिडकी २०२१ च्या कायद्याची, आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाची. आरसीआयकडे जाणारे क्लिनिकलवाले सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक या कायद्याच्या यादीत आहेत. खिडकी बांधून झालीय, आतला माणूस अजून खुर्ची लावतोय, असं मी त्यांना सांगितलं.

“आणि बीए?” सायलीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“नेहमीच्या बीएवर बिल्ला नाही. बीए म्हणजे स्टँडपर्यंत येणं.”

तेव्हा तिने फाइलमधून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढलं. एका खासगी संस्थेची क्लिनिकल सायकॉलॉजीची चार वर्षांची ऑनर्स पदवी, वर्षाला पावणेदोन लाख फी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आरसीआय अभ्यासक्रमानुसार’. वडिलांनी पीएफमधून पैसे काढायचा अर्जही भरून ठेवला होता.

असा अभ्यासक्रम आरसीआयने खरंच आणलाय, त्यात खोटं काही नाही. पण परिषद मान्यता देते ती त्या त्या संस्थेला, त्या त्या अभ्यासक्रमासाठी. ‘अभ्यासक्रमानुसार’ म्हणजे ‘मान्यताप्राप्त’ नव्हे. तिच्याच मोबाइलवर परिषदेची यादी उघडायला लावली. महाराष्ट्राची पानं तिने दोनदा पाहिली. नाव नव्हतं. मग वडिलांनी कॉलेजला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती: “सर, प्रस्ताव पाठवलेला आहे, प्रोसेसमध्ये आहे, पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत येऊन जाईल.”

त्यांनी फोन ठेवला. “म्हणजे गाडी अजून डेपोत आहे आणि हे रिझर्व्हेशन करतायत.”

सायलीचे डोळे भरले. तिला ते कॉलेज आवडलं होतं; तिथली खोली, तिथला एकतर्फी आरसा, सगळं. मी घाई केली नाही. चहा मागवला.

पुढचा गुंता एम.फिल.चा. आजवर क्लिनिकलचा रस्ता ठरलेला होता: बीए, एमए, मग दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही रुग्णालयाशी बांधलेलं. बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीची सीआयपी, तेजपूरची संस्था ही त्यातली मोठी नावं. जागा मूठभर, इच्छुक ढीगभर. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल.च गेलं. क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली होती, म्हणजे सायलीची पाळी येईपर्यंत तो रस्ता बंद. आधी झालेल्यांच्या पदव्यांना धक्का नाही. पण यूट्यूबवरचे ‘माझा एम.फिल. प्रवास’ तिने आता रस्ता म्हणून बघायचे नाहीत. तिच्यासाठी पुढे आरसीआयमान्य दोन वर्षांचं क्लिनिकल एमए वगैरे पर्याय असतील. त्यातून रजिस्टरमध्ये कुठल्या पदनामाखाली नोंद होते, हे प्रवेशाआधी वाचायचं, कारण सगळ्यांना एकच पदनाम मिळत नाही.

शेवटी गावाजवळच्या अनुदानित कॉलेजात मानसशास्त्र मेजर घेऊन बीए करायचं ठरलं. चौथं वर्ष करायचं की तीनवरच थांबायचं, हे तिसऱ्या वर्षी त्या वेळची पत्रकं बघून ठरेल. संख्याशास्त्र टाळायचं नाही, हे मात्र मी दरडावून सांगितलं. आर्ट्सला आलो म्हणजे गणित सुटलं, असं समजणारी मुलं एमएच्या संशोधनात गटांगळ्या खातात. सायन्सवाल्या सायलीला तिथे उलट फायदाच होता. सर्टिफिकेट कोर्स हौसेने कर म्हटलं, पण त्याच्या जिवावर एकाही माणसाला समोर बसवायचं नाही.

त्याच ऑगस्टमध्ये माझेही कान पिळले गेले. जत तालुक्यातल्या एक प्राथमिक शिक्षिका माझ्याकडे येत. त्यांना नोकरी सांभाळून मानसशास्त्रात एमए करायचं होतं. “दूरशिक्षणातून करा, घाई नाही, मुलाची दहावी होऊ द्या,” असं मीच त्यांना दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते. यूजीसीने त्या दुसऱ्या खिडकीच्या, २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन द्यायला मनाई केली, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून. मानसशास्त्र त्यात होतं. बाईंचा फोन आला तेव्हा आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. तेव्हापासून ‘घाई नाही’ हे शब्द मी जपून वापरते. सायलीच्या वडिलांनाही त्या रात्री फोन करून सांगितलं: दर जूनमध्ये यादी नव्याने बघायची, मी सांगितलंय म्हणून थांबायचं नाही.

डिसेंबरात सायली जर्नल दाखवायला आली. स्मृतिविस्ताराचा, म्हणजे एका दमात किती गोष्टी लक्षात राहतात याचा, प्रयोग होता. सब्जेक्ट म्हणून तिने वडिलांना बसवलेलं. आकडे त्यांनी नऊपर्यंत ओळीने सांगितले. अर्थहीन अक्षरं पाचालाच अडली. “थांबे विचारले असते तर सांगली ते स्वारगेट म्हणून दाखवलं असतं,” ते बाजूला बसून कुरकुरले.

मग पुढे झुकून हळूच विचारलं, “पाचच आले, हे माझ्या नावावर लिहिलंय का गं?”

“नाव लिहितच नाही, पप्पा,” ती म्हणाली आणि पान त्यांच्याकडे फिरवलं. सब्जेक्टच्या रकान्यात फक्त आद्याक्षर होतं, वय, आणि शिक्षण: दहावी.