कॅमेऱ्याची मेमरी भरली, आता? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : दारावर वाय-फाय कॅमेरा आहे, आत ६४ जीबीचं मेमरी कार्ड. ॲप ‘स्टोरेज फुल’ सांगतं आणि नवं रेकॉर्डिंग होत नाही. फोनवरून फॉरमॅट केलं, ‘झालं’ असंही दिसलं, पण लगेच जुन्या क्लिप परत हजर! मोठं कार्ड घ्यावं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कार्ड भरणं हा बिघाड नव्हे. कॅमेऱ्याचं कार्ड पहिल्या काही दिवसांनंतर कायम भरलेलंच असतं. सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहायचं, हीच त्याची रीत. बिघाड म्हणायचा तो रेकॉर्डिंग थांबण्याला. ते दोन कारणांनी थांबतं. एक तर ॲपमधलं ‘लूप रेकॉर्डिंग’ किंवा ‘ओव्हरराइट’ बंद असतं. ते चालू असेल, तर कार्डच गेलेलं असतं.

तुमचं लक्षण दुसऱ्या कारणाचं आहे. कार्डातली चिप झिजली की कार्ड स्वतःला कुलूप लावून घेतं. जुनं वाचता येतं, नवं लिहिता येत नाही. फॉरमॅटचा हुकूम ते निमूट ऐकतं, करत मात्र काही नाही. खात्री करायची तर कॅमेऱ्याचा प्लग काढा, कार्ड रीडरमध्ये घालून संगणकाला लावा, हव्या त्या क्लिप आधी उतरवून घ्या आणि मग एखादी फाइल पुसून कार्ड काढून पुन्हा घाला. फाइल परत दिसली, तर कार्ड टाकून द्या. कुठल्याही सॉफ्टवेअरने ते जिवंत होत नाही. मात्र छोटं कार्ड मोठ्या एसडी कार्डाच्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये घालून तपासत असाल, तर त्याच्या कडेचा छोटा खटका ‘लॉक’वर नाही ना, हे आधी बघा.

कार्ड का झिजतं? सतत रेकॉर्डिंग १ एमबीपीएसने (सेकंदाला दहा लाख बिट) होत असेल, तर दिवसाला १०.८ जीबी लिहिलं जातं. ६४ जीबीच्या कार्डात प्रत्यक्ष जागा साधारण ५८ जीबी, म्हणजे साडेपाच दिवसांत अख्खं कार्ड एकदा पुसून लिहून होतं. वर्षाला हे साठाहून जास्त वेळा. फोनसाठी घेतलेलं साधं कार्ड या कामासाठी बनवलेलंच नसतं, त्यात पश्चिमेच्या उन्हात तापलेला कॅमेरा. म्हणून ज्यावर ‘हाय एन्ड्युरन्स’ (सतत लिहिणं सोसणारं) छापलेलं आहे तेच कार्ड घ्या. ‘व्ही३०’ किंवा ‘यू३’ हे आकडे वेगाचे आहेत, आयुष्याचे नव्हेत. दुकानदार बहुधा तेच दाखवतो. १२८ जीबी घेतलंत तर झीज निम्म्याने कमी होईल, पण कॅमेरा किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो, ते खोक्यावर वाचा. नवं कार्ड संगणकावर नको, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

नकली कार्डांपासून जपा. त्यांवर छापलेलं असतं १२८ आणि आत निघतात १६ जीबी. यादीत क्लिप दिसतात, लावायला गेलं की चालत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर अख्खं कार्ड भरून परत वाचून पाहतं. कार्ड परत करण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरका.

प्रश्न : आमच्या सोसायटीत २ मेगापिक्सेलचे ८ कॅमेरे, डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत) १ टीबीची हार्ड डिस्क. सभेत ३० दिवसांचं फुटेज ठेवायचं ठरलं, प्रत्यक्षात तीन दिवसांचंही मिळत नाही. डिस्क खराब आहे का?
— सेक्रेटरी, नाशिक

उत्तर : डिस्क ठणठणीत असावी, कारण गणित जुळतंय. एच.२६४ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या जुन्या पद्धतीवर प्रत्येक कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस धरले, तर आठांचे ३२, म्हणजे दिवसाला सुमारे ३४६ जीबी. १ टीबी पावणेतीन-तीन दिवसांत संपणारच.

आधी फुकटातला उपाय. डीव्हीआरच्या एन्कोड मेन्यूत जाऊन मुख्य स्ट्रीमचं कॉम्प्रेशन एच.२६५ (कमी जागेत तसंच चित्र देणारी नवी पद्धत) करा, हा पर्यायच दिसत नसेल, तर डीव्हीआर जुना आहे. मग बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लिहिल्या जाणाऱ्या माहितीचं माप, २०४८ किंवा १५३६ केबीपीएसवर (साधारण २ किंवा १.५ एमबीपीएस) आणा आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाला टिपली जाणारी चित्रं, २५ वरून १५ करा. इथे हमखास एक चूक होते. बिटरेट ‘सीबीआर’वर, म्हणजे एकाच आकड्यावर बांधलेला असेल, तर नुसते फ्रेम कमी करून एक जीबीही वाचत नाही. जागा बिटरेटने ठरते. फ्रेम कमी केल्याचा फायदा एवढाच, की तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र जास्त स्वच्छ येतं. गेटचा कॅमेरा, जिथे गाडीचा नंबर वाचायचा असतो, तो मात्र २०४८ च्या खाली नेऊ नका.

सगळे १५३६ वर धरले तरी दिवसाला सुमारे १३३ जीबी लागतात, म्हणजे १ टीबीत साडेसात दिवस. तीस दिवस केवळ सेटिंगने मिळणार नाहीत, त्यासाठी ४ टीबीची डिस्क हवी, तीही काठोकाठ. जिने आणि गच्ची मोशन रेकॉर्डिंगवर (हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग) टाका, गेट आणि पार्किंग सतत चालू ठेवा, म्हणजे थोडी सैल जागा राहील.

डिस्क घेताना सर्व्हेलन्स प्रकारचीच घ्या, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. संगणकातून काढलेली जुनी डिस्क चोवीस तास लिहिण्याच्या कामाला टिकत नाही. तुमचा डीव्हीआर किती टीबीपर्यंत ओळखतो, हे त्याच्या माहितीपत्रकात असतं. नवी डिस्क मधूनच गायब होऊ लागली किंवा टकटक आवाज करू लागली, तर डिस्कला दोष देण्याआधी १२ व्होल्टचा अडॅप्टर बदलून पाहा. डिस्क फिरायला लागताना जास्त करंट ओढते आणि थकलेला अडॅप्टर तिथेच बसतो.

प्रश्न : मोशन रेकॉर्डिंग ठेवूनही पावसाळ्यात दोन दिवसांत कार्ड भरतं. एरवी दहा दिवस पुरतं.
— रत्नागिरी

उत्तर : पाऊस, हलणारी जास्वंद आणि रात्री इन्फ्रारेड दिव्याकडे येणारे किडे, या सगळ्यांना कॅमेरा ‘हालचाल’ समजतो. भिंगासमोर कोळ्याने धरलेलं जाळं तर रात्रभर रेकॉर्डिंग चालू ठेवतं. दर आठवड्याला कोरड्या मऊ कापडाने ते पुसा. ॲपमध्ये झाडांचा आणि रस्त्याचा भाग मोशनच्या चौकटीतून वगळा, संवेदनशीलता एक पायरी खाली आणा आणि ‘फक्त माणूस’ ओळखण्याची सोय असेल तर तीच चालू ठेवा.

प्रश्न : वीज गेली की डीव्हीआर जुनी तारीख दाखवतो आणि कालचं फुटेज सापडत नाही.
— सांगली

उत्तर : आतली बटणासारखी बॅटरी संपली आहे. प्लग काढून झाकण उघडा, जुन्या बॅटरीवरचा नंबर वाचा, बहुधा सीआर२०३२ असेल, आणि तीच बसवा. फुटेज चुकीच्या तारखेखाली शोधा, सापडेल. नंतर वेळ इंटरनेटवरून जुळवणारी ‘एनटीपी’ सोय चालू करा.

प्रश्न : दुकानात चोरी झाली. डिस्क भरत आली आहे, पोलीस दोन दिवसांनी फुटेज न्यायला येणार आहेत. तोवर पुसलं जाईल का?
— पुणे

उत्तर : जाऊ शकतं. ओव्हरराइट झालेलं फुटेज घरी काय, तज्ज्ञाकडेही परत मिळण्याची आशा धरू नये. आजच प्लेबॅकमध्ये तो भाग शोधा आणि ‘लॉक’चा पर्याय असेल तर लावा, लॉक केलेल्या फाइलवर लिहिलं जात नाही. मग चोरीच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास धरून पेन ड्राइव्हवर उतरवा. पेन ड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात (फॉरमॅट करताना तो निवडता येतो) फॉरमॅट केलेला ठेवा. काही डीव्हीआर वेगळ्याच प्रकारची फाइल देतात, म्हणून त्यांचा प्लेयरही सोबत घ्या आणि दुसऱ्या संगणकावर ती चालवून बघा. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढेमागे आहे, ते लिहून ठेवा, पण आता ते दुरुस्त करू नका.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला, तिच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) नोंदवायचं असतं. त्यामुळे उतरवलेली फाइल कापू नका, व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे ती दाबून लहान केली जाते आणि हॅश बदलतो. पोलीस मूळ डिस्क नेण्याची शक्यता असते, तेव्हा दुसरी डिस्क आणून ठेवा.