आजोबांची ठासणीची रायफल घरात आहे, ती सुरक्षितपणे कशी हाताळायची, चालवायची आणि साफ कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की उमरेडकडच्या गावी आजोबांची ठासणीची रायफल भिंतीवर टांगून आहे, लायसन्स त्यांच्या नावावर होतं, ते मागच्या वर्षी गेले, आता तुम्हाला ती पुसून-बिसून नीट करायची आहे आणि जमलं तर एकदोन बार उडवून पाहायचेत. पुसायचं सांगतो, पण त्याआधी मला एक सांगा भाऊ, ती रिकामी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मी नागपुरात बंदुकीच्या दुकानात रिपेअरिंगच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. खेड्यातून जुनी बंदूक घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "रिकामीच आहे जी, बाबूजी गेल्यापासून कोनी हातबी नाही लावला." अरे बाप्पा, हात नाही लावला म्हणूनच तर ती भरलेली राहते ना! शेतावर जागलीला जाताना म्हातारा बार, म्हणजे दारू-गोळी, भरतो, रात्रभर डुक्कर काही येत नाही, सकाळी बंदूक खुंटीला लावून झोपून जातो. भरलेला बार काढायचा सोपा मार्ग म्हणजे उडवणे, आणि एक बार फुकट कशाला घालवायचा म्हणून तो तसाच राहतो, मग माणूस जातो आणि बार आतच. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनी पण पेटते, तिला एक्सपायरी डेट नसते.

या बंदुकीची मुख्य गोष्ट एकच समजून घ्या. काडतुसाची बंदूक मागून उघडून आत बघता येतं. ठासणीची मागून बंद असते, दारू, कापड, गोळी सगळं तोंडातून आत जातं आणि सगळं तोंडातूनच बाहेर येतं. म्हणजे भरताना तुमचा हात तोंडावर, साफ करताना हात तोंडावर, आणि आत काय आहे ते दिसत तर नाहीच. बाकी जेवढे नियम आहेत ते सगळे यातूनच निघाले आहेत.

1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर अमेरिकेत रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या होत्या, त्या वेळच्या नोंदीप्रमाणे त्यातल्या बहुतेक भरलेल्याच निघाल्या, हजारो बंदुकांत एकावर एक दोन-दोन बार, आणि एकीत तर 23. रोज कवायत करणाऱ्या शिपायांची ही गत, मग आपण कोण.

तर तपासायचं कसं. घोड्याखाली टोपी (घोडा आपटला की ठिणगी पाडून बार पेटवते ती छोटीशी धातूची टोपी) तर नाही ना ते आधी बघा, असेल तर तोंड मोकळ्या बाजूला ठेवून, घोडा अंगठ्याने धरून ती काढा, आणि ती काढताना कोणी समोर नको. मग गज (बार ठासायची लांब काठी) घ्या आणि चेहरा बाजूला ठेवून तोंडातून हळूच आत सोडा, दाबू नका, ठोकू तर अजिबात नका. जिथे थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलने खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून तेवढाच लावून बघा, खूण तोंडापाशी ठेवली की गजाचं टोक कुठपर्यंत पोचतं ते दिसेल. निपलपर्यंत (मागचं भोकाचं टोक, ज्यावर टोपी बसते) पोचलं तर आत काही नाही. दोन-तीन बोटं अलीकडेच राहिलं तर आत बार आहे, किंवा कोळ्याचं घर आणि कचरा आहे, पण तुम्ही बारच समजा. आवाजावरून पण कळतं, रिकाम्या नळीत गज लोखंडावर टण्ण वाजतो आणि भरलेलीत धप्प बसतो, पण नुसत्या कानावर विश्वास ठेवू नका, खूण करून मोजाच.

बार निघाला तर तुमचं काम तिथे संपलं, पुढे आर्मररने, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, करायचं. माझ्या टेबलावर आम्ही निपल काढून मागून पाणी आणि तेल मुरवायचो, मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून आधी वरचं कापड, मग छर्रे, मग पुन्हा कापड आणि शेवटी दारूचा काळा ढेकूळ बाहेर काढायचो. एकदा असाच निघालेला ढेकूळ वाळवून चिमूटभर पेटवून पाहिला, भस्सकन गेला. म्हणून सांगतो, "पाणी ओतलं म्हणजे दारू मेली" हे काही खरं नाही, वाळली की ती परत पेटते. आणि नळी गरम करून, किंवा ड्रिल घालून बार काढायचा विचार डोक्यात येत असेल तर तो आत्ताच काढून टाका.

आता कायद्याचं, हे तुम्ही विचारलं नाही पण यावर सगळं अडलं आहे. आजोबांचं लायसन्स आजोबांसोबत संपलं. वारसाच्या हातात बंदूक असणं म्हणजे विनालायसन्स बंदूक, मग भावना काही असो. शस्त्र कायद्याप्रमाणे ती जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची आणि मग स्वतःच्या नावावर अर्ज करायचा, गावी असाल तर कलेक्टर ऑफिस, नागपूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्त. आधी ठाण्यात फोन करा, आजोबा गेल्याचा दाखला आणि जुनं लायसन्स हाताशी ठेवा आणि ते सांगतील तसं न्या, एसटीत गुंडाळून वगैरे नका आणू. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स ही वेगळी सोय आहे, शेती तुमच्या नावावर असेल तर अर्जात ते लिहा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, हेही लक्षात ठेवा. चालत नसलेली, दुरुस्त करूनही चालणार नाही अशी पुरातन वस्तू असेल तर कायद्यात सूट आहे, पण ती तशी आहे की नाही हे आपण घरी बसून ठरवत नसतो बरं का.

आणि लायसन्स मिळालं म्हणजे डुक्कर-रोही (नीलगाय) मारायची मोकळीक मिळाली असं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर पीक तुमचं असलं तरी केस होते.

अजून एक. तुम्ही "रायफल" लिहिलंय, ती खरंच रायफल आहे का? आपल्याकडे जुन्या घरांतून एनफिल्डसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच बंदुका निघतात. 1853 ची एनफिल्ड रायफल .577 बोअरची, आत गोळीला फिरकी देणाऱ्या तीन पीळदार खाचा, चरबीच्या काडतुसावरून 1857 मध्ये जो भडका उडाला ती हीच. पण त्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना बाहेरून तशाच दिसणाऱ्या पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, खाचाच नाहीत. हे कळायला तोंडाला डोळा लावायची गरज नाही. रिकामी असल्याची खात्री झाली की फिरती मूठ असलेल्या गजाला घट्ट कापड लावून आत ढकला, गज आपोआप फिरत गेला तर खाचा आहेत, सरळ गेला तर नाहीत. फरक पडतो कारण रायफलला एकच गोळी लागते आणि गुळगुळीत नळीत छर्रेही चालतात, आणि लायसन्सवर जे लिहिलंय ते बंदुकीशी जुळायला पाहिजे.

चालवायची का? आजोबांच्या काळातली, प्रूफचा छाप (नळीची ताकद तपासल्याचा शिक्का) न कळणारी, मागच्या बाजूला आतून गंजाने खड्डे पडलेली नळी असेल तर माझं उत्तर नाही. उडवायचा विचार सोडून द्या. नळी चांगली आहे असं आर्मररने तपासून सांगितलं, लायसन्स हातात आलं आणि परवानगीची रेंज मिळाली तर पुढचं वाचा.

दारू फक्त काळी, लायसन्सवर दुकानातून घेतलेली. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू ठासणीत घातली तर नळी फाटते, अर्धी घाला नाहीतर पाव, आणि फटाक्याची दारू पण नाही. घरी बनवायचं तर नावच काढू नका, स्फोटकांचा कायदा 1884 पासून आहे आणि ते नियम सांभाळणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, लांब जावं लागत नाही.

भरायच्या आधी नळीतलं तेल कोरड्या कापडाने पुसून काढा. मग नुसती टोपी लावून, तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून चाप ओढा. पातं हललं तर मागचा रस्ता मोकळा आहे, नाही हललं तर निपल तुंबलंय. हे करायचं बहुतेक लोक विसरतात आणि मग बार उडत नाही म्हणून डोकं धरून बसतात. दारू नेहमी मापात काढून मापानेच ओतायची, डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत कधीच नाही, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत राहिली असेल तर मापातली दारू भडकून हात भाजेल, पण डबा भडकला तर हातच जाईल. आणि दोन बारांच्या मध्ये ओलसर कापड फिरवून मग कोरडं फिरवा. गोळी ठासताना गज मुठीत वरून दाबायचा नाही, तोंडाच्या थोडं वर बोटांनी धरून थोडा थोडा सरकवायचा आणि अंग बाजूला. गोळी दारूवर पूर्ण टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी तिथेच फुगते किंवा फुटते. म्हणून गजावर दोन खुणा ठेवा, एक रिकाम्या नळीची, एक बरोबर भरलेल्या बाराची, दर वेळी बघा. टोपी सगळ्यात शेवटी, तोंड टार्गेटकडे असताना. अर्ध्या घोड्यावर (घोडा अर्धाच मागे अडकवून ठेवणं) भरवसा ठेवू नका, जुन्या लॉकची (घोडा-चापाच्या यंत्राची) खाच झिजलेली असते आणि घोडा आपणहून पडतो.

चाप ओढला आणि नुसता टिक् झालं तर हलू नका. तोंड टार्गेटकडेच, निदान एक मिनिट, मी तर दोन म्हणतो, कारण कधीकधी आत दारू हळू धुमसत असते आणि माणूस "काय झालं बे" म्हणत बंदूक वळवतो तेवढ्यात बार निघतो. मग नवी टोपी लावून परत. डोळ्यांना चष्मा हवाच, टोपीचे तुकडे उडतात, कानात पण काहीतरी घाला, आणि शिशाला हात लागला की धुतल्याशिवाय तर्री पोह्याला हात लावू नका.

आता साफसफाई, जी तुम्हाला खरं तर पहिल्यांदा हवी होती. बहुतेक लोक रॉकेल नाहीतर मशीनचं तेल मारतात आणि झालं म्हणतात. काळी दारू जळली की तिच्या अर्ध्याहून जास्त भागाची घन घाण होते, त्यातली बरीच नळीतच राहते, त्यात क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि पावसाळ्यात एका रात्रीत नळी लाल होते. क्षार तेलात विरघळत नाहीत हो, पाण्यात विरघळतात. म्हणून त्याच दिवशी, उद्या नाही, गरम पाणी आणि थोडा साबण. नळी दस्त्यातून निघत असेल तर निपल काढून मागचं टोक बादलीत ठेवा आणि गजाला घट्ट कापड लावून वरखाली करा, पाणी निपलच्या भोकातून आत ओढलं जातं आणि काळंकुट्ट होऊन बाहेर फेकलं जातं, आधी काळं, मग राखाडी, पाणी बदलत राहा स्वच्छ येईपर्यंत. मग नुसत्या गरम पाण्याने एकदा, म्हणजे नळी तापून लवकर वाळते, मग कोरडी कापडं, मग पातळ तेल. निपलच्या आट्यांना ग्रीस लावून बसवा नाहीतर पुढच्या वेळी निघणार नाही. दुसऱ्या दिवशी परत एक पांढरं कापड फिरवा, लालसर आलं तर पुन्हा सगळं करा, कंटाळा करू नका. नळी निघत नसेल तर धुताना दस्त्याच्या लाकडात पाणी शिरू देऊ नका.

तुमच्याकडच्यासारख्या न वापरलेल्या बंदुकीला धुवायची गरज नाही, वरचा गंज तेल आणि बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढा. पॉलिश पेपर मारून चकचकीत करू नका, नंबर आणि छाप घासले जातात, आणि नंबर खोडणं हा गुन्हाच आहे, "मी तर साफ करून राहिलो होतो" म्हटलं तरी. गंमत म्हणून घोडा रिकाम्या निपलवर आपटू नका, निपलचं तोंड चेपतं. कापडी किंवा चामड्याच्या खोळीत ठेवू नका, ओल धरते. टोप्या आणि दारू वेगळ्या कपाटात, कुलपात.

दस्त्यासाठी जवसाचं तेल चांगलं, आपल्याकडे घाण्याचं मिळतं पण ते वाळायला फार वेळ घेतं, हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं घ्या, अगदी पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. नागपूरचा मे महिना लाकूड पार सुकवतो आणि जुलैत तेच लाकूड फुगतं, जुने दस्ते लॉकजवळ तडकतात ते त्यामुळेच, म्हणून तेल उन्हाळ्याआधी द्या. मात्र जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, ते वाळताना आपोआप तापतं आणि पेटतं, थट्टा नाही. पाण्यात भिजवून टाका नाहीतर दोरीवर पसरून वाळवा.

पहिलं काम गजाची खूण, पण ती पण ठाण्यातला माणूस किंवा डीलर समोर असताना केली तर बरं. मॉडेल ओळखायला फोटो टाकायचा असेल तर लॉकच्या प्लेटचा टाका, नंबर आणि लायसन्सवरचं नाव-पत्ता झाकून.