बिऱ्हाड हलवता येईल असा मुक्काम

प्रिय नवोदितास,

सप्रेम नमस्कार. प्रकल्प चालू लागला, परवानाही ठरला, आता कोड जगापुढे कुठे मांडायचा एवढंच उरलं आहे. गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग आणि स्वतःचा सर्व्हर अशी चार नावं लिहून तू त्यांच्यापुढे सोयींचे रकाने आखले आहेस. तक्ता चांगला आहे. पण त्यात एक रकाना राहिला आहे आणि माझ्या मते तोच पहिला हवा: इथून निघायची वेळ आली तर सोबत काय काय नेता येईल?

ती वेळ येते. गूगल कोड २००६ साली सुरू झालं आणि मार्च २०१५ मध्ये ते बंद होणार असं जाहीर झालं. त्याच ऑगस्टमध्ये तिथे नवं काही लिहिता येईनासं झालं आणि जानेवारी २०१६ मध्ये दार लागलं. गिटोरियसही २०१५ मध्येच विकलं जाऊन मिटलं. बिटबकेट चालू राहिलं, पण २०२० मध्ये त्याने मर्क्युरिअल या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनाचा आधार काढून घेतला. त्याच कामाच्या गिटचा जन्मही असाच झाला. लिनक्स कर्नलला बिटकीपर हे तसंच साधन विनामूल्य मिळत होतं, २००५ मध्ये ती सवलत गेली आणि त्यातून गिट लिहिलं गेलं. म्हणून सेवा चांगली की वाईट हे ठरवण्याआधी आपलं तिच्यात काय अडकणार आहे ते बघावं.

कोड अडकत नाही. गिटमध्ये प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे उतरवलेल्या प्रतीत, सगळा इतिहास असतो. अडकतं ते कोडभोवती साचलेलं सगळं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या सर्व्हरवर चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप बऱ्याच दिवसांपासून तयारच होत नव्हते, कारण बॅकअप घेणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं आणि अपयशाचे इशारे देणाऱ्या ईमेल पोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांचे इश्यू (दोषांच्या आणि सूचनांच्या नोंदी), टिप्पण्या आणि नवी खाती गेली. रिपॉझिटरींना, म्हणजे कोडच्या साठ्यांना (रेपोंना), मात्र धक्का लागला नाही. गिटलॅबने हे सगळं उघडपणे मांडलं आणि त्याबद्दल मला आदरच आहे. तुझ्या कामाचं यातलं एवढंच: कोड आणि त्याभोवतीची चर्चा या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या वेगवेगळ्या जपाव्या लागतात.

आधी कोडची प्रत. साधा क्लोन पुरेसा नाही, कारण त्यात स्थानिक शाखा (कामाचा वेगळा प्रवाह) एकच येते. 'मिरर' पर्याय लावून क्लोन घेतला की सगळ्या शाखा, टॅग आणि इतर संदर्भ येतात, आणि पुढे 'रिमोट अपडेट' चालवलं की प्रत ताजी होते. गिटहबवरून असा क्लोन घेतला तर पुल रिक्वेस्टचे (बदल सामील करून घ्यायच्या विनंत्यांचे) लपलेले संदर्भही सोबत येतात. तीच प्रत जशीच्या तशी गिटहबवरच्या दुसऱ्या रेपोत ढकलायला गेलं तर ते संदर्भ नाकारले जातात आणि आज्ञा अपयशी ठरल्यासारखी दिसते. त्यामुळे ढकलताना फक्त शाखा आणि टॅग ढकल. गिट एलएफएस या जोडसाधनाने वेगळ्या ठेवलेल्या मोठ्या फायली मिररमध्ये येतच नाहीत, त्या 'ऑल' पर्याय लावून वेगळ्या आणाव्या लागतात. विकीचा रेपो वेगळा असतो, त्याचाही वेगळा क्लोन घे.

मिरर म्हणजे बॅकअप मात्र नव्हे. मुळात कोणी चुकून शाखा उडवली की आपोआप चालणारा मिरर तीही इमानाने उडवतो. यासाठी 'गिट बंडल' वापर. सगळे संदर्भ घेऊन एकच फाइल बनते, तिच्या नावात तारीख घाल आणि आठवड्यातून एकदा ती वेगळ्या ठिकाणी ठेव. 'बंडल व्हेरिफाय' चालव आणि महिन्यातून एकदा त्या फाइलीतून खरोखर क्लोन करून बिल्ड करून (चालणारा प्रोग्रॅम बनवून) बघ. कधीही न उघडलेला बॅकअप बॅकअप धरू नये.

इश्यूंची निर्यात एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती मागायच्या दारातून, होते, आणि तिथे लोक हटकून फसतात. गिटहबचा एपीआय काही न सांगता फक्त उघडे इश्यू देतो, तेही पानाला ३०. 'स्टेट' ऑल कर, पानाला कमाल १०० माग आणि शेवटच्या पानापर्यंत जा. या यादीत पुल रिक्वेस्टही मिसळलेल्या असतात, टिप्पण्या मात्र वेगळ्या मागाव्या लागतात. टोकन (ओळख पटवणारी किल्ली) नसेल तर तासाला ६० विनंत्या मिळतात, टोकन असेल तर ५०००. इश्यूत चिकटवलेली चित्रं या निर्यातीत नसतात, तिथे फक्त त्यांचे दुवे असतात. दोषाचा पुरावा बहुधा त्या चित्रातच असतो, म्हणून ती वेगळी उतरवून घे.

नवीन जागी आयात करताना क्रमांकांकडे लक्ष दे. गिटहबवर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमांकमालेत असतात, गिटलॅबवर त्यांच्या माला वेगळ्या आहेत. कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात नुसतं '१२३ क्रमांकाचा दोष सुधारला' असं लिहिलेलं असेल तर हलवल्यावर तो १२३ नेमका कोणता हे सांगणारं कोणी उरत नाही. कमिटच्या संदेशात दोष काय होता आणि उपाय का चालतो हे एका वाक्यात तरी लिहीत जा. तेवढं वाक्य कोडसोबत कुठेही जातं.

यानंतरचा अडकणारा भाग म्हणजे पत्ता. गो भाषेत लायब्ररीचा आयात-मार्ग म्हणजे बहुतेक वेळा होस्टचाच पत्ता असतो. जागा बदलली की तो मार्ग वापरणाऱ्या प्रत्येकाचा कोड बदलावा लागतो. स्वतःचं डोमेन घेऊन त्यावर एक लहानसं पान ठेवलं आणि त्यात खऱ्या रेपोचा पत्ता सांगणारा मेटा टॅग घातला की आयात-मार्ग कायम तुझ्या ताब्यात राहतो. भाषा कोणतीही असो, संकेतस्थळ, दस्तऐवज आणि सुरक्षेसंबंधी कळवायचा ईमेल तुझ्या डोमेनवर असू दे. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं लावून ठेव आणि मुदतीची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाक. होस्टने दिलेलं स्थिर पान तुझ्या उपडोमेनवर चालवत असशील तर ते बंद करताना आधी डीएनएसची (डोमेन कुठे वळवायचं ते सांगणारी) नोंद काढ, मग पान. उलटं केलंस तर मोकळी राहिलेली नोंद तिसराच कोणी आपल्या पानाकडे वळवू शकतो.

संकेतस्थळ आणि कोड एकाच खात्यावर टांगले की काय होतं ते मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबणाऱ्या संचाच्या वेळी दिसलं. त्या संचात मागचं दार घुसवल्याचं उघड झाल्यावर गिटहबने तो रेपो आणि मूळ मेंटेनरचं (प्रकल्प सांभाळणाऱ्याचं) खातंसुद्धा गोठवलं. एक्सझेडचं पान गिटहब पेजेसवर होतं, तेही गेलं. नेमकी सगळ्यांना खुलासा हवा असतानाच ही वेळ आली. प्रकल्पाचं एक जुनं संकेतस्थळ मात्र मेंटेनरच्या स्वतःच्या सर्व्हरवर होतं, आणि त्याला पहिला खुलासा तिथून देता आला.

कायद्याचाही विचार कर. ऑक्टोबर २०२० मध्ये कॉपीराइटच्या तक्रारीवरून व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या यूट्यूब-डीएलचा रेपो गिटहबवरून खाली आला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर परत आला. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या खात्यांवर बंधनं आली. इराणसाठीची परवानगी मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं. तुझा प्रकल्प कॉपीराइट, सांकेतिकीकरण किंवा सेन्सॉरशिपच्या वाटेला जाणारा असेल तर होस्ट कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे हा प्रश्न महत्त्वाचा. तसा नसेल तर त्यावर फार वेळ घालवू नकोस.

आता तुझी चार नावं. गिटहबवर माणसं आहेत. दोष कळवायला येणाऱ्याचं खातं तिथे बहुधा आधीच असतं, आणि पहिल्या वर्षात या एका गोष्टीचं वजन बाकी सगळ्या सोयींपेक्षा जास्त भरतं. गिटलॅबची बिल्डव्यवस्था फार चांगली, शिवाय तेच सॉफ्टवेअर स्वतःकडेही चालवता येतं. नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने २०१८ मध्ये आणि केडीई या तशाच दुसऱ्या प्रकल्पाने २०२० मध्ये तेच केलं. कोडबर्ग ही सेवा बर्लिनमधली एक नोंदणीकृत संस्था चालवते, तिच्या मागे नफा कमावणारी कंपनी नाही. तिथे फोर्जेयो हे कोड-होस्टिंगचं सॉफ्टवेअर चालतं आणि ते स्वतः मुक्त आहे, म्हणून उद्या तसंच्या तसं घर दुसरीकडे उभारता येतं. तिथे रेपोला मुक्त परवाना हवाच. तुझ्या तक्त्यात सोर्सहट ही सेवा नाही. ईमेलवरून पॅच (बदलांचे तुकडे) देणाऱ्यांची सवय असलेल्या प्रकल्पाला ते शोभतं. योगदान देणाऱ्याला खातंही लागत नाही, पण मेंटेनरने वर्गणी भरावी अशी तिथली रीत आहे.

स्वतःच्या सर्व्हरचा मोह मला कळतो. फोर्जेयो लहानशा यंत्रावरही सुखाने चालतं, आणि बसवणं एका दुपारचं काम आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं: सुरक्षेची अद्यतनं त्याच दिवशी चढवणं, नोंदणी खुली ठेवली की येणारी जाहिरातबाज खाती काढणं, आणि पानं ओरबाडणाऱ्या बॉटना आवरणं. कोड-होस्टवर बॉटचा ताण जास्त पडतो. प्रत्येक कमिटमधल्या प्रत्येक फाइलीचं वेगळं पान असतं आणि सर्व्हरला ते मागणीनुसार नव्याने बनवावं लागतं, त्यामुळे लहान रेपोचीही लाखो पानं होतात. मार्च २०२१ मध्ये पीएचपी भाषेच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर घातक कमिट ढकलले गेले, तेही प्रकल्पातल्याच जाणत्यांच्या नावाने. तो सर्व्हर सांभाळत राहणं जोखमीचं आहे असं ठरवून त्यांनी तो बंद केला आणि तोवर गिटहबवर नुसती प्रत म्हणून असलेला रेपो मुख्य केला. अद्यतनं आणि पहारा सांभाळणारी निदान दोन माणसं नसतील तर स्वतःच्या सर्व्हरवर फक्त मिरर ठेव.

आपोआप चालणाऱ्या बिल्डबद्दल एकच आग्रह: बिल्डची आणि चाचण्यांची पावलं रेपोतल्या स्क्रिप्टमध्ये लिही. होस्टच्या यामल फाइलीने (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीने) ती स्क्रिप्ट फक्त हाक मारून चालवावी. फुकट मिळणारी मिनिटं हा सेवेचा सर्वात बदलता भाग आहे. ट्रॅव्हिस सीआय या बिल्डसेवेने नोव्हेंबर २०२० मध्ये मुक्त प्रकल्पांची अमर्याद सवलत आवरली, तेव्हा ज्यांचं सगळं तर्कशास्त्र त्या सेवेच्या फाइलीत होतं त्यांना ते नव्याने लिहावं लागलं. आज गिटहबवर सार्वजनिक रेपोला साधी यंत्रं फुकट आहेत, गिटलॅबच्या फुकट योजनेत महिन्याला ४०० मिनिटं मिळतात. स्क्रिप्ट तुझी असेल तर हे आकडे उद्या बदलले तरी एका संध्याकाळचं काम पडेल.

फायलींच्या मर्यादेवर नवखे लोक हमखास अडतात. गिटहब ५० एमबीच्या वरच्या फाइलीवर इशारा देतो आणि १०० एमबीच्या वरची घेतच नाही. अशी फाइल कमिट करून पुढच्या कमिटमध्ये काढली तरी ढकलता येत नाही, कारण ती इतिहासात असतेच. मग 'फिल्टर-रेपो' या साधनाने इतिहास नव्याने लिहावा लागतो, तिथून पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळखखुणा) बदलतात आणि ज्यांनी ज्यांनी क्लोन घेतला त्यांना तो नव्याने घ्यावा लागतो. बायनरी (तयार प्रोग्रॅमच्या फायली) रिलीजमध्ये जोडाव्यात, रेपोत नाहीत. रिलीजमध्ये स्रोताची गठडीही स्वतः बांधून चढव आणि तिचा चेकसम (फाइल तीच आहे का ते पडताळायची संख्या) जाहीर कर. होस्ट आपोआप बनवतो त्या गठडीवर विसंबू नकोस. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने दाबण्याची पद्धत बदलली आणि आतला मजकूर तोच असूनही चेकसम बदलले. जगभरचे बिल्ड मोडले आणि बदल तातडीने मागे घ्यावा लागला.

किल्ल्यांचं थोडक्यात. रेपो वैयक्तिक खात्यावर न ठेवता पहिल्या दिवसापासून संस्थेच्या खात्यावर ठेव आणि मालक दोन कर. दोघांनी द्विस्तरीय पडताळणी लावावी, परतीचे कोड कागदावर छापून ठेवावेत. नाव बदललं तर जुना पत्ता नव्याकडे वळतो, पण जुन्या नावाने कोणी नवं काही बनवलं की ते वळणं थांबतं. जुनं नाव सोडू नकोस.

तू सांगितलेल्या प्रकल्पासाठी माझं मत असं: गिटहबवर किंवा कोडबर्गवर संस्थेचं खातं, स्वतःचं डोमेन, दुसऱ्या होस्टवर मिरर आणि घरी आठवड्याचं बंडल. दोघांतून निवडताना तुझे पहिले दहा योगदान देणारे आज कुठे आहेत ते बघ.

आणि जाहीर करण्याआधी एक रंगीत तालीम कर. चार-पाच खोटे इश्यू, एक पुल रिक्वेस्ट, एक चित्र, एक रिलीज आणि एक विकीचं पान बनव, आणि ते सगळं दुसऱ्या होस्टच्या आयात-साधनाने हलवून बघ. काय आलं, काय कोणाच्या नावावर आलं, कोणता दुवा तुटला ते लिहून काढ. ती यादी मला पाठव, तिच्यातलं काय आत्ताच सुधारायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.

सस्नेह