गाण्याच्या मधली शांतता कापू नका, कडेची कापा

प्रश्न: आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर घेतल्यात, एका बाजूची अर्ध्या तासाची एकच फाइल झालीय. दोन अभंगांच्या मधे दहा-पंधरा सेकंद नुसती खरखर आहे. ती काढायला ऑडॅसिटी ह्या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधलं, शांतता आखडणारं ट्रंकेट सायलेन्स वापरलं तर अभंग मधेच तुटल्यासारखे वाटायला लागले, ठेकाच चुकतो. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दादा, ते ट्रंकेट सायलेन्स आधी अनडू करा. ते भाषणासाठी, मुलाखतीसाठी चांगलं आहे, गाण्यासाठी नाही. त्याला फक्त दोन गोष्टी कळतात, आवाज अमुक डेसिबलच्या खाली गेला का आणि किती वेळ खाली राहिला. गेला की ते तेवढी जागा आखडून टाकतं. आता बुवा चरण संपवून क्षणभर थांबतात, पखवाजाची शेवटची थाप विरते आणि मग समेवर सगळे उचलतात, तो थांबा मात्रांमधे मोजलेला असतो हो, त्यातला पाव सेकंद जरी गेला तरी लय मोडते आणि ऐकणाऱ्याला लगेच टोचतं. म्हणून अभंगाच्या आतल्या शांततेला हातच लावायचा नाही.

आणि ती खरखर लगेच फेकू नका, तिचा उपयोग आहे! खरखर कमी करायची असेल तर ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शन इफेक्टला नुसत्या खरखरीचा नमुना लागतो, आणि तो ह्याच मोकळ्या जागेत मिळतो. तिथलं एक-दोन सेकंद सिलेक्ट करून नॉइज प्रोफाइल घ्या, मग पूर्ण फाइल सिलेक्ट करून इफेक्ट द्या, पण ६ डेसिबलच्या आसपासच. जास्त ओढलं की पहिला बळी टाळांचा जातो, त्यांची किणकिण पाण्यात बुडाल्यासारखी येते, मला तर त्यापेक्षा थोडी खरखर परवडते.

मग अ‍ॅनलाइझ मेनूत लेबल साउंड्स उघडा, ते प्रत्येक अभंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तिथे खूण करतं. मोकळी जागा वाजवून मीटरवर खरखर कुठे राहते ते बघा, समजा उणे ५० डेसिबलच्या आसपास असेल तर थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या खालचं सगळं शांतता धरायचं ती पातळी, उणे ४५ ठेवा, खरखरीच्या खाली ठेवलं तर त्याला शांतता सापडणारच नाही. कमीत कमी शांतता ३ सेकंद द्या म्हणजे अभंगाच्या आतले थांबे सुटतात, आणि अभंगाच्या आधी अर्धा सेकंद, नंतर दीड-दोन सेकंद जागा राहू द्या. प्रत्येक अभंगावर लेबल येईल, त्यात अभंगाचं नाव टाइप करा. लेबलं आली की झालं असं समजू नका, प्रत्येकाचा शेवट हेडफोन लावून ऐका, कारण तंबोऱ्याचा सूर खूप सावकाश विरतो आणि सॉफ्टवेअर त्याला शांतता समजून आधीच कापतं, तिथे लेबलची शेवटची कड माऊसने उजवीकडे ओढायची. शेवटी एक्स्पोर्ट करताना लेबलप्रमाणे वेगवेगळ्या फाइल्स निवडल्या की अभंगाच्या नावाने फाइल्स तयार. गजरातून थेट अभंग सुरू होत असेल तर ते दोन्ही एकाच फाइलमधे येतील, येऊ द्या.

मूळ फाइल वेव्हमधेच, म्हणजे कॉम्प्रेस न केलेली, ठेवा, मिनिटाला साधारण १० एमबी म्हणजे एका बाजूला ३०० एमबी, आजच्या डिस्कला काहीच नाही. एमपीथ्री सगळ्यात शेवटी, एकदाच.

प्रश्न: माझ्याकडे एमपीथ्रीच उरलीय, कॅसेटला बुरशी लागून टेप चिकटली. आता कापलं तर आवाज खराब होईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: ऑडॅसिटीत उघडून परत एमपीथ्री केली तर ती नव्याने कॉम्प्रेस होते, दरवेळी थोडी घसरण होतेच. विंडोजवर एमपीथ्री डायरेक्टकट नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते फाइल न उलगडता तशीच कापतं त्यामुळे आवाज आहे तसाच राहतो. फक्त ते फ्रेमच्या, म्हणजे एमपीथ्री ज्या छोट्या तुकड्यांची बनते त्यांच्या, हद्दीवरच कापू शकतं, एक फ्रेम साधारण २६ मिलिसेकंदांची, कडेची शांतता काढायला एवढं पुरेसं आहे. आणि ती चिकटलेली कॅसेट प्लेअरमधे घालू नका, टेप ओढली जाऊन तुटते आणि बुरशी हेडला लागून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. टाकूनही देऊ नका, जुन्या टेप साफ करून देणारे लोक अजून आहेत, त्यांना एकदा दाखवा.