लाँग रन झाली की दर वेळी सर्दी का होते?

प्रश्न: मी ३८ वर्षांची, नाशिकला राहते, बँकेत नोकरी करते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पूर्ण ४२ किलोमीटरची तयारी चालू आहे. रविवारी २८-३० किलोमीटरची लाँग रन झाली की मंगळवार-बुधवारपर्यंत घसा धरतो, नाक वाहू लागते. वजन उतरावे म्हणून रविवारी नुसती कोरी कॉफी घेऊन पळते. पहाटे साडेतीनला उठते, शनिवारी झोपायला मात्र अकरा वाजतातच. सासूबाई म्हणतात, "एवढं पळून अंगातली शक्तीच जाते, मग आजार धरणारच." खरेच प्रतिकारशक्ती कमी होते का? पळणे सोडू का?

उत्तर: ताई, पळणे सोडू नका. सासूबाई म्हणतात तसेच खेळाडूंवर उपचार करणारे आम्ही डॉक्टरही बरीच वर्षे मानत होतो, आणि त्याला आधार होता. १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर अमेरिकी संशोधक डेव्हिड नीमन यांनी धावपटूंना प्रश्नावली पाठवली. शर्यत धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात आजारी पडल्याचे कळवले. तयारी करूनही शर्यतीत न उतरलेल्यांमध्ये हे प्रमाण २.२ टक्के होते. शिवाय दमवणाऱ्या व्यायामानंतर तासा-दोन तासांत रक्त तपासले, तर लिम्फोसाइट या संरक्षक पेशी व्यायामाआधीपेक्षाही कमी दिसतात. त्यावरून 'शर्यतीनंतर काही तास शरीराची खिडकी उघडी राहते' ही कल्पना रूढ झाली.

पण त्या पेशी जातात कुठे? उंदरांवरच्या प्रयोगांत खुणा केलेल्या पेशींचा माग काढला, तेव्हा त्या फुप्फुसांत, आतड्यात आणि अस्थिमज्जेत सापडल्या. चौकीत शिपाई दिसत नाहीत, कारण ते गस्तीवर गेलेले असतात, तसे हे आहे. दिवसभरात रक्तातली संख्या पूर्ववत होते. याच आधारे २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या कॅम्पबेल आणि टर्नर या संशोधकांनी जुन्या समजुतीला आव्हान दिले. प्रश्नावलीतला 'आजार' प्रयोगशाळेत तपासलेला नव्हता, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. ते महत्त्वाचे आहे. २००७च्या एका अभ्यासात लक्षणे असलेल्या खेळाडूंची तपासणी केली, तेव्हा तीनांपैकी जेमतेम एकाच आजारपणात जंतू सापडला. थंड, कोरडी, धुळीची हवा तीन-चार तास तोंडाने ओढली की घसा तसाही सोलवटतो. नाशिकची डिसेंबरातली पहाट आठवा.

वाद अजून मिटलेला नाही. पण झोप, ताण, प्रवास, गर्दी आणि अपुरे खाणे यांनी खेळाडू आजारी पडतात, हे दोन्ही बाजू मानतात. म्हणून तुमच्या पत्रातल्या दोन ओळींवर माझे बोट थांबले: साडेचार तासांची झोप आणि कोरी कॉफी.

निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडून केलेला २०१५चा एक प्रयोग आहे. त्यात सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. शनिवारी घरातल्यांना स्पष्ट सांगा आणि साडेआठला दिवा मालवा. आठवडाभरही झोपेची हीच काळजी घ्या.

दुसरे, उपाशी लाँग रन बंद. रक्तातली साखर घटली की कॉर्टिसॉल हा ताणाचा हार्मोन वाढतो आणि संरक्षक पेशींवर त्याचा दाब येतो. निघण्याआधी केळे किंवा दोन खजूर खा, पळताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्या आणि परतल्यावर लगेच जेवा. या महिन्यांत वजन उतरवण्याचा नाद सोडा, हे मी आग्रहाने सांगते. पाळी वेळेवर येते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. लांबत किंवा चुकत असेल, तर शरीराला अन्न पुरत नाही असे समजा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. महागड्या 'इम्युनिटी'च्या डब्यांवर पैसे घालू नका.

नुसते नाक वाहत असेल, तर हलके पळायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीत कफ किंवा धडधड असेल, तर अजिबात पळू नका. अशा वेळी विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. ताप उतरल्यावरही काही दिवस चालण्यावरच राहा. त्यात एखादी लाँग रन बुडाली तरी चालेल, पुढच्या रविवारी ती भरून काढायला जाऊ नका. हे सगळे करूनही महिनाभरात फरक पडला नाही, तर ॲलर्जी आणि दम्याची तपासणी करून घ्या. पळताना खोकला येतो का, तेही डॉक्टरांना सांगा.