चेंडूवरचा आकडा

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या लोखंडी ट्रंकेत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक छायाचित्र आणि एक फोटो-पोस्टकार्ड सापडले. छायाचित्रात घेरदार विजारी व काळे लांब मोजे घातलेल्या नऊ गोऱ्या तरुणी असून, मधल्या मुलीजवळच्या चेंडूवर ‘०२’ असे रंगवलेले आहे. पोस्टकार्डावर बास्केटबॉलचा सामना दिसतो, पण बहुतेक मुली जागच्या जागी उभ्या आहेत. एका अमेरिकन मिशनरी बाईंनी हे दिले, असे घरात सांगतात. छायाचित्र १९०२ चे समजावे का? मुली पळत का नाहीत? दोन्हींना लॅमिनेशन करावे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : छायाचित्र अमेरिकन महाविद्यालयातले असेल, तर ‘०२’ हे बहुधा त्या मुलींच्या पदवीचे वर्ष आहे. तिथे प्रत्येक तुकडी आपल्या पदवीच्या वर्षाने ओळखली जाई आणि सुरुवातीचे बरेच सामने महाविद्यालयांमध्ये नव्हे, तर एकाच महाविद्यालयातल्या दोन तुकड्यांमध्ये होत. अभ्यासक्रम चार वर्षांचा असल्याने छायाचित्र १८९८ ते १९०२ यांपैकी कोणत्याही वर्षीचे असू शकते. महाविद्यालय कोणते, हे मात्र त्या आकड्यावरून कळणार नाही. त्यासाठी पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला छापलेले छायाचित्रकाराचे व गावाचे नाव पाहावे.

आपला दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे. जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे शोधला आणि जवळच्याच स्मिथ महाविद्यालयातील व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो लगेच आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. धक्काबुक्की आणि दमछाक मुलींना सोसणार नाही, अशी त्या काळची समजूत होती. म्हणून बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, खेळाडूने आपला भाग सोडायचा नाही असे ठरवले, प्रतिस्पर्ध्याच्या हातातला चेंडू हिसकावून घेण्यास मनाई केली, आणि चेंडू तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ धरण्यास व तीनपेक्षा अधिक वेळा आपटण्यासही बंदी घातली. तेव्हा चेंडू पलीकडच्या भागात असताना इतर मुली उभ्या राहिल्या, तर त्यात आळस नाही, नियमपालन आहे. आपल्या पोस्टकार्डावर जमिनीवर आखलेल्या आडव्या रेषा दिसतात का, हे भिंगाने तपासावे. अर्थात, त्या काळची बरीच ‘खेळती’ छायाचित्रे मुलींना जागेवर उभे करूनच घेतलेली असत, कारण व्यायामशाळेतल्या अपुऱ्या उजेडात धावती आकृती पुसट येई. हेही ध्यानात ठेवावे.

या सोवळ्या नियमांमुळे सामने मिळमिळीत होत, असे मात्र समजू नये. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला. दोन महाविद्यालयांमधला मुलींचा तो पहिला सामना मानला जातो. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला आणि पुरुषांना प्रेक्षक म्हणूनही आत सोडले नव्हते. कारण ती घेरदार विजार, म्हणजेच ब्लूमर, पुरुषांसमोर घालणे अशोभनीय मानले जाई. काष्टा कसून निंदणी करणाऱ्या आपल्याकडच्या बायांना या संकोचाचे हसूच येईल.

पोस्टकार्डाची मागची बाजू उभ्या रेषेने दुभंगलेली असून एकीकडे मजकुराला व दुसरीकडे पत्त्याला जागा असेल, तर ते अमेरिकन कार्ड १९०७ किंवा त्यानंतरचे ठरते. तसे असल्यास दोन्ही चित्रे एकाच संघाची मानता येणार नाहीत. मिशनरी बाईंची हकिकत शक्य कोटीतली आहे, पण मागे हस्ताक्षर वा नाव मिळेपर्यंत ती घरातली आठवण म्हणूनच नोंदवावी.

लॅमिनेशन मुळीच करू नये; उष्णता व चिकटद्रव्य यांनी होणारे नुकसान भरून काढता येत नाही. पुठ्ठाही सोलून काढू नये, कारण निम्मी माहिती त्याच्यावरच असते. दोन्ही वस्तू आम्लरहित कागदाच्या वेगवेगळ्या पाकिटांत ठेवाव्यात आणि नोंद करायचीच तर पाकीट रिकामे असताना त्यावर पेन्सिलीने करावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. म्हणून ट्रंक माळ्यावर असल्यास तिथून उतरवून तळमजल्यावरच्या, ओल नसलेल्या आतल्या खोलीतील कपाटात पाकिटे ठेवावीत.