‘शांतीच्या गझला’ नव्हे, नज्मा!

प्रश्न असा: उर्दू कवी अली सरदार जाफरींच्या ‘गुफ्तगू’ (संवाद) या कवितेला चाल लावली, तर ‘गझल स्वरबद्ध केली’ म्हणावे की ‘संगीतबद्ध केली’? नुसती चाल असेल तर स्वरबद्ध, वाद्यमेळासकट सगळे असेल तर संगीतबद्ध. पण आधी ती ‘गझल’ काढा! उर्दू दिसले की गझल, हे निवेदकांकडून ऐकून कान किटले. फेब्रुवारी १९९९मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, तेव्हा त्यांनी नवाज शरीफांना जाफरींच्या कवितांचा, सीमा अनिल सहगल यांनी गायलेला ‘सरहद’ हा अल्बम भेट दिला. त्यालाही लोक सर्रास ‘शांतीच्या गझला’ म्हणतात.

‘गुफ्तगू’ ही नज्म आहे, म्हणजे एकाच विषयावरची सलग कविता. गझलेत यमक आणि ओळींचे माप शेवटपर्यंत एकच असते. सुरुवातीला ‘बात चले’, ‘मुलाकात चले’, ‘रात चले’ असे येते, तिथेच लोक फसतात. पण पुढे यमक बदलते, आणि ओळी तर पहिल्यापासूनच लहानमोठ्या आहेत.

आणि नज्म या शब्दाचा मूळ अर्थ काय? अरबीत मोती ओवणे! गद्याला म्हणतात नस्र, म्हणजे विखुरणे. मोती तेच, ओवले की पद्य, विखुरले की गद्य. ‘नज्म’च्याच धातूतून निजाम (व्यवस्था), इंतजाम, तंजीम (संघटना). आपल्या इतिहासातली निजामशाही आणि ही कविता सख्ख्या बहिणी, याचा मला कितीही वेळा सांगून कंटाळा येत नाही.

‘नज्म म्हणजे तारा’ असे ठासून सांगणाऱ्या पंडितांनी निदान उर्दू लिपी तरी बघावी. ताऱ्याच्या ‘नज्म’मध्ये जीम हे अक्षर आहे, कवितेच्या ‘नज्म’मध्ये जोय. मराठीत बोलायचे तर ताऱ्यातला ज ‘जीव’मधला, कवितेतला ‘जमीन’मधल्या ‘ज’च्या जवळचा. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, एवढ्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

माझे तर ठाम मत आहे की चाल लावणाऱ्याला या ओवण्याचा अर्थ आधी कळला पाहिजे. गझलेत प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, स्वतंत्र. मतल्याची, म्हणजे पहिल्या शेराची, स्थायी (गाण्याचा परत परत येणारा पहिला भाग) बांधली की बाकीचे शेर अंतऱ्याच्या (पुढच्या कडव्यांच्या) चालीत बसतात, रदीफ (शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे तेच शब्द) आपोआप स्थायीवर आणून सोडतो. गायक नऊपैकी पाच शेर निवडतो, काही बिघडत नाही. ‘गुफ्तगू’त पहिल्या दोन ओळी आखूड, तिसरी लांब. तालाच्या आवर्तनात आखूड ओळीमागे उरलेली जागा कशी भरायची आणि मुखड्यावर (सुरुवातीच्या ओळीवर) कुठून परतायचे, हे संगीतकारालाच ठरवावे लागते. आणि वेळ कमी आहे म्हणून मधल्या ओळी गाळल्या, तर पुढच्या ओळींचा अर्थच तुटतो.